शिवकुमारी देवी : एक मत

मिश्राजींनी मतपत्रिका उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली आणि माझ्यापुढे सरकवली.

“मैडम, अब इसका क्या करें?”

कागदाच्या तळाशी एक रिकामी ओळ होती. तिच्यावर शिसपेन्सिलीनं, दाबून दाबून लिहिलं होतं : भौजी. मी पुढची उचलली. भौजी. तिच्या पुढची. बड़की भौजी. एकीनं ‘दूध वाली भौजी’ असं लिहून उरलेल्या जागेत दुधाचा डबा काढला होता. डबा चांगला जमला होता.

रामनगरच्या प्राथमिक शाळेत, पाचवीच्या वर्गात आमची मतमोजणी चालली होती. पंखा नव्हता. जुलैचा उकाडा असा, की कागद बोटांना चिकटत होते. बाहेर व्हरांड्यात बायका पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

मी सहकार खात्यात इन्स्पेक्टर होते. बनारसच्या मराठी घरांतल्या नोकरी करणाऱ्या बायका तेव्हा बहुतेक शाळेत शिकवायच्या. मी मात्र समित्यांची दप्तरं तपासत जिल्हाभर धूळ खात हिंडले. मिश्राजी माझे साहेब आणि त्या दिवसाचे चुनाव अधिकारी. कुठलं मत धरायचं आणि कुठलं रद्द करायचं, हे ठरवायचा अधिकार त्यांचा एकट्याचा. मी गड्ड्या बांधायच्या, आकडे लिहायचे आणि विचारलं तरच बोलायचं. न विचारता बोलायची खोड मला होती, ती वेगळी गोष्ट.

समिती बायकांची होती, दुधाची. सभासद बायका सकाळ-संध्याकाळ दूध आणत, ते मोजून, तपासून शहरात जाई. हे मोजायचं काम भौजी करायची. भौजी म्हणजे वहिनी, सगळी वस्ती तिला याच नावानं हाक मारी. पन्नाशीची विधवा बाई, आवाज जाड, बोलणं तोडून. तिच्याच ओसरीत केंद्र होतं. त्याआधी सगळं दूध रामजतन नावाच्या ठेकेदाराकडे जात असे. त्याचं माप त्याच्या मर्जीनं मोठं व्हायचं, आणि दुधात पाणी आहे असं तो रोज एकीला तरी सर्वांदेखत सुनवायचा. भौजीच्या ओसरीत असं कुणाला ऐकावं लागलं नाही. बायका तिथे दूध द्यायला येत आणि अर्धा तास बसून जात.

अध्यक्षपदासाठी आता रामजतनची बायको पुष्पा देवी उभी होती. ती निवडून आली तर केंद्र ठेकेदाराच्या अहात्यात, म्हणजे त्याच्या घराच्या आवारात जाणार, हे रामनगरात पोरासोरांनाही माहीत होतं. म्हणून बायकांनी भौजीला उभं केलं. पण अर्ज भरायला यायचं गंगेपलीकडे, बनारसच्या ऑफिसात. गंगेला पाणी चढायला लागलं म्हणून पिपांवर तरंगणारा पूल नेमका काढलेला. भौजी राजघाटच्या पुलावरून लांबचा फेरा घेऊन आली, तोवर खिडकी बंद झालेली. अर्ज घेतला नाही.

तरी एक वाट होती. सहसा निवडणुकीत असं नसतं, पण या समितीच्या उपविधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमावलीत, एक जुनं कलम होतं. मतपत्रिकेवर छापलेल्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवायची. छापलेलं नाव नको असेल, तर सभासदानं तिथे दुसऱ्या सभासदाचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. उमेदवार एकच असली तरी त्यामुळे मतदान घ्यावं लागे. आजवर त्या ओळीवर कुणी काही लिहिलं नव्हतं. बायकांना लिहिता कुठे येत होतं? पण दोन वर्षांपूर्वी वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता. तिथे शिकलेलं या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा कामाला लावलं.

“इनको रद्द कीजिए,” रामजतन म्हणाला. तो बायकोचा प्रतिनिधी म्हणून समोरच्या बाकावर बसला होता. लहान मुलांचा बाक, त्यामुळे गुडघे छातीपर्यंत आलेले. “भौजी कवनो नाम हौ? हमार मेहरारू भी त केहू क भौजी हौ.” त्याची बायकोही कुणाची तरी भौजी होतीच.

“अहो, सगळ्या गावाला माहितेय भौजी कोण ते,” मी तावातावानं मराठीत बोलून गेले आणि मग हिंदीत म्हटलं, “सर, पूरा मोहल्ला जानता है.”

“मोहल्ला जानता है, कागज नहीं जानता,” मिश्राजी म्हणाले.

“बाहर सब बैठी हैं. बुलाकर पूछ लेते हैं.”

“क्या पूछेंगी? कि तुमने किसको वोट दिया? गुप्त मतदान है, मैडम.”

मिश्राजी लबाड नव्हते. रामजतनचा चहासुद्धा त्यांनी घेतला नव्हता. नियमात ‘सभासदाचे नाव’ असा शब्द होता आणि सभासदांच्या यादीत भौजी नावाचं कुणी नव्हतं. बरोबर बोलत होते ते. म्हणूनच माझा संताप संताप झाला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं.

गड्डीत शेवटी एक कागद निघाला. त्यावर वळणदार अक्षरात पुरं नाव होतं : शिवकुमारी देवी. यादीत हे नाव होतं. हे मत वैध धरलं.

मोजणी संपली. पुष्पा देवी एकेचाळीस. शिवकुमारी देवी एक. रद्द शहाण्णव.

रद्द केलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर कारण लिहितात. मिश्राजींनी लिहिलं, ‘नाम अस्पष्ट’. मग ते सगळे कागद पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर मोहर. कोर्टानं सांगितल्याशिवाय ते उघडायचं नाही आणि मुदत संपली की जाळायचं. बाहेर जाते ती फक्त निकालाची शीट. त्या शीटवर रद्द मतांना एकच रकाना असतो, आकड्याचा.

“सर, नीचे एक लाइन लिख देते हैं कि रद्द क्यों हुए,” मी म्हटलं.

“कहाँ लिखेंगी? जगह दिखाइए.”

खरंच जागा नव्हती. मी समासात लिहू का म्हणाले, तर मिश्राजी म्हणाले, छापील कागदावर आपल्या मनचं लिहिलं तर वर जाब मला द्यावा लागेल, तुम्हाला नाही.

निकाल व्हरांड्यात उभं राहून वाचायचा असतो. मिश्राजींनी वाचला. “श्रीमती पुष्पा देवी, एकतालीस. श्रीमती शिवकुमारी देवी, एक.” भौजी खांबाला टेकून उभी होती. पुढचा रद्द मतांचा आकडा तिनं ऐकलाच नाही. पदर डोक्यावर ओढला, चपला हातात घेतल्या आणि शाळेच्या फाटकातून निघून गेली. रामजतनच्या माणसांतून कुणीतरी खिदळलं, “आपन वोट त मिल गयल!”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते वळणदार अक्षर तिचंच होतं. त्या साऱ्या बायकांत भौजीला भौजी न म्हणणारी ती एकटीच होती.

ती गेल्यावर मुनियाची आई पुढे आली. ही भौजीची शेजारीण, तिच्या मागे सावलीसारखी असणारी. “मैडम, भौजी क केतना भयल? ऊ त सुनउलीं नाहीं.”

“सुनाया तो. शिवकुमारी देवी.”

“ई के हई?”

तिच्या मागे उभ्या असलेल्या वस्तीतल्या सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. नाव निम्म्याजणींना माहीतच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यातली एक हळूच म्हणाली, “बड़ क नाम कइसे लिखल जाई, मैडम? पाप लगी.” थोरल्या बाईचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे त्यांना जन्मापासून शिकवलेलं. लिहायचं कसं, हे साक्षरतेच्या वर्गात शिकवलं होतं. थोरल्यांचं नाव लिहिलं तर चालतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्यांना कारण सांगितलं.  मुनियाची आई धावत भौजीच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात तीन ओळी आल्या. बातमीदारानं आमच्या ऑफिसातून शीट उतरवून घेतली होती. ‘दुग्ध समिति चुनाव में पुष्पा देवी विजयी. प्रतिद्वंद्वी को मात्र एक मत.’ रद्द मतांचा आकडा जागेअभावी गाळलेला. मी त्या बातमीदाराला फोन केला. तो म्हणाला, मैडम, जो जीता वो छपता है, जो हारा वो छपता है, रद्द कौन पढ़ता है.

घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते रेल्वेत होते, कुठल्याही गोष्टीवर चटकन तापत नसत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडे तरी काय वेगळं आहे ग? माझ्या आईचं नाव तुला लग्नाच्या वेळी ठाऊक होतं?”

नव्हतं. सगळी गल्ली त्यांना माई म्हणायची, मीही माई म्हणायची. त्यांचं नाव मनोरमा, हे मला रेशन कार्ड बदलायला गेले तेव्हा कळलं. कारकुनानं विचारलं आणि मी बावळटासारखी कार्डात बघून सांगितलं.

रविवारी रामनगरला जायला संकठा घाटावरून नाव केली.  मिश्राजींनी बजावलं होतं, की खात्याच्या माणसानं हरलेल्या उमेदवाराच्या घरी जायचं नसतं. मी म्हटलं, रविवारी मी खात्याची नाही.

भौजीनं दार उघडलं. ओसरी धुवून रिकामी केली होती. दुधाचे मोठे कॅन आदल्या दिवशीच ठेकेदाराची माणसं घेऊन गेली होती. तिनं मला खाट दिली, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि स्वतः उंबऱ्यात बसली.

मी सगळं सांगितलं. शहाण्णव कागद. भौजी, बड़की भौजी, एकीनं डबासुद्धा काढला होता. मी हातानं हवेत डबा काढून दाखवला. ती ऐकत होती. 

“मन रखे बदे कहत हईं, मैडम,” ती शेवटी म्हणाली. मी तिचं मन राखायला सांगतेय, असं तिला वाटलं.

“नहीं भौजी, सच कह रही हूँ. मैंने अपनी आँख से देखा है.”

“सब इहे कहत हईं. मुनिया क माई किरिया खाके कहलस. जब सब लिखले रहलीं, त सरकार गिनलस काहे नाहीं?”

शेजारणीनं शपथेवर सांगितलेलंही तिला पटलं नव्हतं. मी पुन्हा नियम सांगितला. नाव, यादी, अस्पष्ट. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

“कागज पे का लिखल हौ?” तिनं विचारलं.

“कागज पर...”

“केतना लिखल हौ?”

“एक.”

“त एक.”

मी पर्समधून अर्ज काढला. निकालाविरुद्ध दाद मागता येत होती, पण मागायची उमेदवारानंच. तिच्या सहीनं पाकीट उघडता आलं असतं, शहाण्णव कागद तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले असते. तिनं अर्ज हातात घेतला, घडी घातली आणि परत दिला. एक मत घेऊन कचेरीत कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाली. तिथे सगळे विचारतील, ते एक कुणाचं.

मी तिथेच रडले. नोकरीत पुष्कळ हरलेली माणसं पाहिली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा अंगावर शाईसुद्धा घेतली होती. पण एवढं प्रेम लाखेत बंद करून आपण त्या बाईला एक आकडा वाचून दाखवला, हे मला सहन होईना. तिनंच मला पाणी आणून दिलं.

दाद मागायची मुदत संपली. पाकीट नियमाप्रमाणे जाळलं, पंचनाम्यावर सही माझी आहे. केंद्र ठेकेदाराच्या अहात्यात गेलं. माप पुन्हा मोठं झालं आणि दुधात रोज पाणी निघू लागलं. पहिल्या वर्षी काही बायकांनी दूध देणं सोडलं, मग म्हशी विकल्या. पुढे समिती कागदावरच उरली.

बायका भौजीच्या दाराशी जात राहिल्या. ती दार उघडायची, पाणी द्यायची, कुणाशी वाकडं बोलायची नाही. पण बसवून घ्यायची नाही. तोंडावर गोड बोलून पाठीमागे दुसरीला मत देणाऱ्या बायका, असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. मुनियाची आई एकदा ऑफिसात आली होती, बऱ्याच वर्षांनी. भौजी गेली हे सांगायला. “आखिरी बेरा गोड़ दबावत रहलीं, मैडम,” ती म्हणाली. “तब्बो ना पतियइली.”

शेवटच्या आजारपणात पाय चेपत बसलेल्या बाईवरसुद्धा तिनं विश्वास ठेवला नाही.

मी त्यानंतर जिथे जिथे बायकांच्या समितीची निवडणूक घेतली, तिथे मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराचं पूर्ण नाव तीनदा मोठ्यानं वाचलं आणि बायकांकडून म्हणवून घेतलं. त्या लाजून तोंडात पदर धरायच्या. मी म्हणायची, पाप मला लागू दे. निकालाच्या शीटवर मतं रद्द होण्याच्या कारणांचा रकाना असावा, असं वर लिहूनही पाठवलं. दोनदा. विचार चालू असल्याचं उत्तर आलं, आणि मी रिटायर झाले तेव्हाही तो चालूच होता.

तेव्हा निकाल वाचताना माझं एकच सांगणं असतं. कोण जिंकलं, कोण हरलं, हे वाचून पेपर बाजूला ठेवू नका. रद्द किती, ते विचारा, आणि का, तेही. उत्तर द्यायला टेबलापलीकडे कुणीही बांधलेला नसतो. तरी विचारा. भौजीनं विचारलं होतं, आणि मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही.