आत्यासाठी पाहिलेलं मीठ

आंब्याचा हंगाम संपला की बाबा एरवी बागेची साफसफाई काढतात. त्या वर्षी मात्र आम्ही तिघं लडाखला गेलो. बाबा, त्यांची मोठी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आठ दिवसांत आत्याला हवं होतं ते एकच ठिकाण, पाचव्या दिवसाचं. त्सो कार. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात, साडेचार हजार मीटरवर असलेलं खारं सरोवर आणि त्याच्या कडेचं मिठाचं मैदान. रत्नागिरीतल्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. हे सरोवर तिने किती वेळा फळ्यावर काढलं असेल. पाहिलं नव्हतं.

मी फारसं बोलत नाही. खिडकीची जागा मिळाली की मला पुरतं. खिडकीबाहेर झाड नावाला नव्हतं. तपकिरी, जांभळे, मध्येच गंजल्यासारखे लाल डोंगर, आणि तळाशी एका ओढ्याच्या काठाने कुणीतरी नेटाने लावलेली जवाची हिरवी पट्टी. बाबांना ती पट्टी फार आवडली. आम्ही कातळात खड्डे मारून, बाहेरून माती आणून कलमं लावतो, तेव्हा त्यांना त्या माणसांचे कष्ट लगेच कळले.

"इथेही खड्डे मारता येतील," ते म्हणाले.

"अंकलजी, पानी भी रत्नागिरी से लाओगे?" ड्रायव्हरकाका हसले. पांढऱ्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांचे आजोबा मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून त्सो कारचं मीठ आणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, डोकं दुखलं तर लपवू नका.

चौथ्या दिवशी आम्ही त्सो मोरिरी या दुसऱ्या सरोवराकाठी मुक्कामाला पोचलो आणि आत्याचं डोकं दुखू लागलं. मग उलटी झाली. आमच्याकडे डोकं आणि उलटी म्हणजे पित्त, आणि पित्तावर कोकम. आत्याने बॅगेतून आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची बाटली काढली, पाण्यात साखर-जिरं घालून प्याली. बाबा म्हणाले, "दुपारचा बटाटा बाधला हो ताईला."

सकाळी मी तिच्याकडे बघत होते. स्वेटरचं एक बटण लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. चहाचा कप उचलताना हात कपाच्या शेजारी गेला. साडीच्या निऱ्या एका हाताने घालणारी माझी आत्या.

"बाबाला सांगू नकोस गो," ती हळूच म्हणाली. "आज पोचलो की झालं."

मी मान हलवली आणि बाहेर गेले. काका गाडीची काच पुसत होते. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याशी आपणहून एक शब्द बोलले नव्हते. मोडक्या हिंदीत मी बटण सांगितलं, कप सांगितला, उलटी सांगितली. त्यांनी फडकं खाली ठेवलं. आत येऊन त्यांनी आत्याला एका पावलापुढे दुसरं पाऊल लावत सरळ चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तिचा तोल गेला.

"आज नीचे," ते म्हणाले.

"अहो, पित्तच आहे तिचं," बाबा म्हणाले.

"अंकलजी, यह पित्त नहीं है. यहाँ हवा कम है."

सिंधूच्या काठाने आम्ही थेट लेहला उतरलो. काका घाई न करता, पण कुठेही न थांबता गाडी चालवत होते. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि वेळेत आलात म्हणाले. आत्या त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

दोन दिवसांनी ती बरी होती, पण पुन्हा वर जायला डॉक्टरांची मनाई होती. आमचा एक दिवस शिल्लक होता. "तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. "मला इथे सोबत आहे." लेहमध्ये आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथली मालकीण तिच्याशेजारी लोकर विंचरत बसली होती.

आम्ही पहाटे निघालो. संध्याकाळी परतलो तेव्हा आत्या बाबांकडे वळली. "कसं होतं रे?"

"पांढरं," बाबा म्हणाले. विचार करून पुढे म्हणाले, "सगळं पांढरं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगू लागले. मीठ पांढरं नव्हतंच सगळं. पाण्याजवळ राखाडी, चिखलासारखं, आणि वर जावं तसं कोरडं होत शेवटी पांढरं. उन्हाळ्यात आमच्या कातळाच्या सड्यावरचं वाळकं शेवाळ पायाखाली मोडतं तसं ते मोडत होतं. आणि त्याला वास नव्हता. खारं म्हटलं की आपल्याला मासळी, ओल, जेटी आठवते. तिथे नुसती थंड, कोरडी हवा. मी बोट लावून चाखलं. खारट, आणि मागून कडू.

आत्याने सहलीच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि पेनने काठ काढायला लागली. "दक्षिणेला लहान तळं दिसलं? गोड्या पाण्याचं?"

"दिसलं. त्यात पक्षी होते. लांब मानेचे, काळ्या डोक्याचे."

तिने तळं काढलं, सरोवराला जोडलं. रेघ सरळ होती.

"डोकं दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मिठाची कड कुठपर्यंत होती? सांग पुढे."