इकडं लाल, तिकडं हिरवी

कुंभारीच्या शाळेत माझी नोकरी तात्पुरती होती. शाळा सकाळी साडेसातला भरायची आणि एस.टी. पोचायची आठला. म्हणजे माझी नोकरी आमच्या मोटरसायकलवर टिकली होती म्हणा ना. नवरा अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या कारखान्यात कारकून. (घरात 'अहो' म्हणायची सवय, त्यामुळे लिहितानाही 'हे'च येतं.) हे मला कुंभारीला सोडायचे आणि तसेच मागे फिरून कामावर जायचे. सत्तरच्या दशकातले ते दिवस; बाईमाणूस गाडीवर मागे बसलं तरी पेठेतल्या चार खिडक्या उघडायच्या. मी मुद्दाम ताठ बसायची.

त्या दिवाळीत उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या. नाक्यावरच्या एकानं नव्या घालून दिल्या आणि तेव्हापासून बॅटरी चार्ज होईना. बाहेरून चार्ज करून आणली की तीन-चार दिवस जायचे, मग गाडी भररस्त्यात मान टाकायची. तीन वेळा मी पदर खोचून चालत शाळा गाठली. तिसऱ्यांदा हेडमास्तरांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बाई, आता एकदा जरी उशीर झाला तर पुढच्या वर्षीची ऑर्डर निघणार नाही." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे म्हणाले.

मग दोन मेकॅनिक झाले. गाडीत वीज तयार करणारा डायनामो असतो. त्यातून दोन वायरी निघतात, एक लाल, एक हिरवी, आणि टाकीखालून कटआउट नावाच्या डबीला जातात. तिथून वीज बॅटरीला. एवढं सगळं मला तोवर पाठ झालं होतं. दोघांनीही दोन्ही टोकं पाहिली. लाल लालच्या जागी, हिरवी हिरवीच्या जागी. "वायरिंग ओके आहे," दोघंही म्हणाले. एकानं बॅटरीवर खापर फोडलं, दुसऱ्यानं डायनामोवर. गाडी होती तिथंच.

शेवटी रविवारी शुक्रवार पेठेतल्या एका बोळात गेलो. तिथं पन्नाशीचे एक मिस्त्री गाड्यांच्या विजेचं काम करायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. दुकानाच्या दाराला पडदा म्हणून जुनी चादर लावलेली, अर्धी लाल, अर्धी हिरवी. काहीतरी वेगळंच डिझाइन दिसतंय, असं मी मनात म्हटलं.

मिस्त्री गाडीपाशी उकिडवे बसले. "बाई, ही वायर कंच्या रंगाची?"

"लाल."

"आन ही?"

"हिरवी."

जरा वेळानं पुन्हा तेच. मला वाटलं, मास्तरीण आहे म्हणून माझी फिरकी घेताहेत. तिसऱ्यांदा विचारल्यावर हे वैतागले. "अहो मिस्त्री, तुम्हाला दिसत नाही का?"

मिस्त्रींचा हात थांबला. "दिसतंय की. पन लाल आन हिरवं मला येकच दिसतं, सायेब. जल्मापासनं."

चादरींच्या गावात हे असं तोंडावर सांगायला छाती लागते. त्यांना काहीही थाप मारता आली असती. पण ह्यांनी ताडकन उठून गाडीचं हँडल धरलं. "चला. वायरीचं काम करणाऱ्याला रंगच कळत नाही, मग झालंच की!"

मी मुळात तोंडाची फटकळ. वर दुसऱ्या दिवशी सोमवार. म्हटलं, "दोन डोळसांनी बघून झालंय. आता मिस्त्रींना बघू द्या." ह्यांनी हँडल सोडलं. माझा आवाज ते ओळखून होते.

मिस्त्रींनी दोन्ही वायरी दोन्हीकडून सोडवल्या. एक छोटी बॅटरी आणि एक इवलासा बल्ब घेतला. बॅटरीची एक बाजू डायनामोकडच्या एका टोकाला जोडली आणि दुसऱ्या बाजूला बल्ब जोडून तो कटआउटकडच्या टोकांना लावून बघायला लागले. पहिल्या टोकाला अंधार. दुसऱ्याला बल्ब लागला. त्यांनी तीनदा तेच करून पाहिलं आणि मग मला हाक मारली.

"बाई, मी हिकडं जोडलीया ती कंची?"

"लाल."

"आन तिकडं दिवा लागला ती?"

मी वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. "हिरवी!"

"तार तर येकच हाय. हिकडं लाल, तिकडं हिरवी. म्हंजे मधी कुटंतरी घोळ हाय."

टाकी उतरवली. वायरींच्या जुडग्यावरून ते डोळे मिटून बोटं फिरवत गेले आणि एका जागी थांबले. चिकटपट्टी सोलली तर आत जोड. नाक्यावरच्यानं तिथं लाल वायर हिरवीला आणि हिरवी लालला जोडून वर पट्टी गुंडाळली होती. दोन्ही टोकांना रंग अगदी बरोबर, आणि वीज भलत्याच वाटेनं! रंग दिसणारे सगळे फसले, मला धरून. मी थक्क होऊन त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

जोड सरळ केल्यावर त्यांनी दोन्ही वायरींना दोऱ्याच्या गाठी मारल्या. एकीला एक, दुसरीला दोन. ही त्यांची खूण. मग ह्यांनी किक मारली. हेडलाइटवरच्या मीटरचा काटा इतके दिवस उजवीकडे वळलाच नव्हता. तो हळूच उजवीकडे कलला; बॅटरी चार्ज व्हायला लागली होती. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळातही माझे इतक्या लवकर जोडले जात नाहीत.

सोमवारी मी सव्वासातला शाळेत होते. शिपाई अजून कुलूप काढत होता. त्यानंतर एकदाही उशीर झाला नाही, आणि जूनमध्ये पुढची ऑर्डर हातात पडली. त्याच संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही त्या बोळात गेलो. म्हटलं, "मिस्त्री, ही नोकरी तुमची. काय देऊ सांगा."

ते थोडे घुटमळले. मग दारावरची चादर काढून त्यांनी माझ्यापुढे पसरली.

"मी इनलीया ही. पंधरा वर्साचा हुतो. लाल सूत संपलं तवा मागाच्या धोट्यात सुताची दुसरी कांडी घातली, ती हिरवी निघाली. बापानं त्याच दिवशी मागावरनं उटवलं. आईनं चादर जपली." मग म्हणाले, "कुटं बदललं ते मला अजून ठावं न्हाय. कुनाला इचारलं तर गुपित फुटतंय की. तुमाला ठावंच हाय. बोट ठिवून दावा."

मी चादरीच्या काठावर, लाल संपून हिरवं सुरू होतं तिथं, बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत तळवा फिरवला, दोनदा. हेही मान खाली घालून उभे होते.

मग मिस्त्रींनी डब्यातून सुई काढली, दोरा ओवला आणि तिथं एक गाठ मारली.