ब्रेडच्या दोन स्लाइस

आम्ही सिंगापूरला बारा दिवसांसाठी आलो होतो. अंतराळवीर तयार करणं हे माझं काम. विंग कमांडर नायर यानातून जाणार होता आणि स्क्वाड्रन लीडर गिरीश कदम त्याचा बॅकअप. ट्रेनिंग दोघांचं सारखंच, तसूभरही कमी नाही. नायर आजारी पडला, तरच गिरीश उडणार.

एक नियम कडक होता. दोघांनी एका भांड्यातलं जेवायचं नाही. एकाचं पोट बिघडलं तर दुसरा उभा हवा.

शेवटच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मुलीच्या मैत्रिणीने, वैदेहीताईंनी, आम्हाला हौगांगच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. कोळंबीभाताचा वास लिफ्टपर्यंत येत होता. मी म्हटलं, "एक दिवस चालतं!" गिरीशने मात्र पिशवीतून ब्रेडच्या दोन स्लाइस काढल्या.

"अहो, माझ्या हातचं चालत नाही का?" वैदेहीताईंनी विचारलं.

"धावेल, ताई. पण नायरसर जेवतायत ना."

आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. 'सोवळ्यातला बॅकअप' असं नावही ठेवलं.

सकाळी सहाला नायर बाथरूममध्ये. त्याच्यानंतर मी. सेंट्रिफ्यूज, म्हणजे माणसाला गरागरा फिरवून रॉकेटचा भार अंगावर आणणारं यंत्र, त्या दिवशी नऊलाच आमचं होतं. दोघांपैकी एकानेही चाचणी दिली नसती, तर यानातली जागा दुसऱ्या देशाला गेली असती. चूक सर्वस्वी माझी होती. मी गिरीशचं दार वाजवलं.

"गिरीश, बसशील?"

"त्यासाठीच आलोय, सर."

९:०४. यंत्र फिरू लागलं. हा भार 'जी'मध्ये मोजतात; एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन. मॉनिटरवर त्याचे गाल मागे ओढले गेले.

"कदम, रिपोर्ट."

"फाइव्ह जी. ओके."

"आता?"

"एट जी. ओके. मजा येतेय, सर!"

"धिस वन स्टेडी, लाह!" सिंगापुरी ऑपरेटर ओरडला, म्हणजे गडी पक्का आहे. मी पोट धरून उड्या मारत होतो. मीही एके काळचा वैमानिक, पण एवढा आनंद मला पहिल्यांदा एकट्याने विमान उडवतानाही झाला नव्हता.

जागा वाचली. नायरने महिन्याभराने चाचणी दिली आणि गिरीश पुन्हा बॅकअप झाला. त्याने कुरकुर केली नाही. पुढे सरावाच्या एका साध्या उड्डाणात त्याचं विमान कोसळलं. तो परतला नाही.

आता मी निवृत्त आहे, सिंगापूरलाच, सेरंगून भागात मुलीकडे राहतो. परवा नायर उडाला. आम्ही वैदेहीताईंच्या टीव्हीवर पाहिलं. रॉकेटने जमीन सोडली आणि मी ताडकन उभा राहून ओरडलो, "उठलं! उठलं!" डोळे पुसायचंही भान नव्हतं.

जेवायला कोळंबीभात होता. शेजारी एका बशीत ब्रेडच्या दोन स्लाइस.

"गिरीशच्या," वैदेहीताई म्हणाल्या.

मी ताट बाजूला सारलं आणि ब्रेड खाल्ला. नियम सगळ्यांना शिकवणारा मी. पाळला तो परवा, पहिल्यांदा.