कमरेची गोळी

आमच्या घरात लुगडं मागावरून उतरवायचा दिवस आला, की मी सकाळीच मीठ-मिरच्या काढून ठेवायची. आंधळगावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारे. लुगडं पुरं झालं की मागाला हळद-कुंकू वाहायचं, घरातल्यांच्या हातावर साखर ठेवायची, ही रीत. आमच्याकडे मात्र त्याच दिवशी माणसाचा दम कोंडायचा. आई तशीच गेली. सकाळी शेवटचा पदर विणून झाला, दुपारी छाती सुईसुई वाजायला लागली आणि दिवस बुडायच्या आत सगळं संपलं. दमेकरी होतीच ती. पण नेमका तोच दिवस कसा? आळीतल्या बाया म्हणाल्या, या मागावर कोणाची तरी नजर आहे. मलाही ते पटलं.

पुढे माग दादाकडे आला, आणि दमाही. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची ही गोष्ट. घरात आम्ही दोघंच भाऊ-बहीण. दादा विणायचा, मी कांड्यांवर सूत भरायची, चूल बघायची. लुगडं उतरलं की त्याची छाती वाजायला लागायची. मग मी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. दम्याच्या माणसाजवळ मिरचीचा धूर! डोकं गहाण ठेवलं होतं मी तेव्हा, दुसरं काय.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दम्याचे, तोंडानं ओढायचे दोन पंप दिले होते. निळा, दम कोंडल्यावर ओढायचा, त्यानं आवळलेल्या नळ्या लगेच मोकळ्या होतात. तपकिरी आतली सूज उतरवतो, पण सावकाश. म्हणून तो रोज दोन वेळा घ्यायचा, बरं असलं तरी. दादानं तपकिरी कोनाड्यात ठेवून दिला. मी ओरडले की म्हणायचा, "चांगला आहो ना मी, मंग औषध कायले घेऊ?" आणखी कोणतं औषध चालू आहे का, असंही डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्ही दोघांनी एका सुरात नाही म्हटलं.

खोटं नव्हतो बोलत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पायाखालच्या पावड्या दाबायच्या म्हणजे कंबर जातेच. आळीतला प्रत्येक विणकर चहासोबत दुखण्याची गोळी घ्यायचा. मागाशेजारी खिळ्याला डबा टांगलेला असायचा. त्यात सुपारी, तंबाखू आणि गोळ्या. त्याला औषध कोण म्हणतो? एरवी दादा गोळी क्वचितच घ्यायचा. लुगड्याचे शेवटचे दिवस मात्र तो मागावरून उठत नसे, आणि काम उरकलं की पहिली हाक गोळीसाठी.

त्या दिवशी दुपारी लुगडं उतरलं. दादाचा चेहरा उतरला होता, पण कमरेमुळे; श्वास साफ होता. मी मुद्दाम कान देऊन ऐकला. चहा दिला, बशीत गोळी ठेवली, ती त्यानं घेतली. मागाला कुंकू लावून, चूल-भांडी उरकून वळते, तर छातीची ती शिटी सुरू. निळा पंप दोनदा ओढला, परत दोनदा. काही फरक नाही. शेजारच्यांनी भंडाऱ्याला न्यायला जीप काढली. मीठ-मिरच्या ओवाळायच्या राहिल्या, म्हणून मी जीपमध्ये बसूनही हळहळत होते.

धाप टाकून टाकून दादाच्या बरगड्या दुखायला लागल्या. तो हातानं दाबून दाखवत होता, बोलणं तर बंदच झालं होतं. मला बघवेना. पदराच्या गाठीत कमरेच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्यातली आणखी एक गोळी काढून मी त्याच्या तोंडात घातली. वाटेतली मोहाडी मागे गेली तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. डॉक्टरांनी विचारलं, आज काय काय दिलं. मी म्हटलं, निळा पंप, बाकी काही नाही. त्यांचं लक्ष माझ्या मुठीतल्या पाकिटाकडे गेलं.

"हे काय आहे?"

"ते काही औषध नाही, साहेब. ते तं कमरेची गोळी आहे."

डॉक्टरांनी पाकीट घेऊन त्यावरचं नाव वाचलं. मग त्यांनी सांगितलं, ही गोळी शरीरात दुखणं आणि सूज आणणारी गोष्ट थांबवते. बहुतेकांना तिनं आराम पडतो. पण काही दमेकऱ्यांच्या शरीरात त्यामुळेच उलट घडतं, श्वासाच्या नळ्या आवळतात. "आधी कधी गोळीनंतर असं झालं होतं का?" मी मनातल्या मनात एकेक लुगडं आठवत गेले.

तिसऱ्या दिवशी दादा उठून बसला. डॉक्टरांनी कमरेसाठी दुसरी गोळी लिहून दिली आणि विचारल्याशिवाय आणखी कुठलीही घ्यायची नाही अशी ताकीद दिली. निघताना मी मागे राहिले आणि आईचं सांगून विचारलं. ते म्हणाले, आता इतक्या वर्षांनी कसं सांगता येईल.

घरी येताना दादा खूप दिवसांनी मोकळा हसला. म्हणाला, "म्हणजे नजर नोहोती तं." मी हो म्हटलं. आई गेली त्या दिवशी तो सकाळपासून बाजाराला गेला होता, त्याला काही माहीत नाही. पदर विणून झाल्यावर आईला चहा मीच नेऊन दिला होता. बशीत दोन गोळ्या होत्या. एकीनं भागणार नाही, असं मीच म्हटलं होतं. आईनं दोन्ही घेतल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"तुह्या हातची गोळी लवकर लागू पडते, बाई," ती म्हणाली.