तात्पर्य न सांगणाऱ्या बेन

गोष्ट संपत आली की बेन पानाच्या तळाशी उजव्या हाताचा अंगठा ठेवत. तिथे ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं असे. मुलं मान वाकडी करून अंगठ्याखाली डोकवायला लागली की म्हणत, "ते तुमचं नाही. ते मोठ्या माणसांसाठी आहे. त्यांना गोष्ट कळत नाही ना, म्हणून बिचाऱ्यांना खाली लिहून द्यावं लागतं."

बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या शाळेत त्या लायब्ररी सांभाळत. लायब्ररी म्हणजे जिन्याशेजारची एक खोली, दोन कपाटं आणि एक सतरंजी. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिसरीपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे पाठवायचं, असा नियम होता. मी तिसरीची वर्गशिक्षिका. तो तास म्हणजे मला वह्या तपासायला मिळालेली सुट्टी, असंच मी सुरुवातीला धरून चालले होते. तुम्हीही अशा शाळेत काम केलं असेल तर कबूल कराल.

त्या मराठी, मीही मराठी, पण बडोद्यात शाळेतल्या बाईला बेन म्हणायचं म्हणजे बेनच म्हणायचं. यजमान प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. संसार सगळा रेल्वे क्वार्टर्समध्ये झाला. ते गेल्यावर त्या तरसालीला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. साठीच्या बाई, नऊवार नाही की पाचवार नाही, स्वच्छ सुती पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट आणि बुडाखाली एक जुनी स्कूटी. गेटवरचा वॉचमन "केम छो, बेन?" म्हणाला की हेल्मेटच्या आतूनच "मजामां" म्हणत.

क्वार्टर्समध्ये शेजारपाजारी सगळ्या प्रांतांची मुलं. त्यांना जमवून गोष्टी सांगायची सवय तिथली. त्यामुळे त्यांच्या जंगलात प्रत्येक प्राण्याची भाषा ठरलेली होती. सिंह गुजराती बोले. "गीरचा आहे तो. त्याला दुसरं काय येणार?" ससा मराठी. माकड हिंदी. कोल्हा मात्र इंग्रजी.

"कोल्हा इंग्लिश का बोलतो, बेन?" एका मुलीने विचारलं.

"म्हणून तर सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात."

हे वाक्य इंग्रजी शाळेत, प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत त्या बोलल्या होत्या. आवाज न चोरता.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट त्यांनी कधी पूर्ण सांगितलीच नाही. काचेची बरणी आणली, तळाला जरासं पाणी ओतलं आणि मुलांना मैदानातून खडे आणायला लावले. खडे टाकून टाकून बरणी भरली, पाणी खड्यांच्या फटींतच राहिलं. वर येईना. मुलं हिरमुसली.

"मग कावळा काय करणार?" बेनने विचारलं.

पुढची पंधरा मिनिटं खोलीत नुसता कल्ला. एकाने स्ट्रॉ आणायला सांगितला, एकीने बरणी आडवी करायला, एकाने कावळ्याला सरळ आजवाच्या तलावावर पाठवलं. मी वह्या सोडून दारात उभी राहिले. त्या दिवसापासून त्यांचा तास मी चुकवला नाही.

तरीही एका बाबतीत मी त्यांच्या विरुद्ध होते, हे इथे सांगायला हवं. शाळेने गोष्टींच्या पुस्तकांचा नवा संच मागवला. गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, आणि प्रत्येक गोष्ट धुऊनपुसून घेतलेली. कुणी कुणाला खात नव्हतं. सिंह सशाला सॉरी म्हणत होता. शेवटी एक रिकामी जागा: 'या गोष्टीतून मी शिकलो की...' मुलांनी ती भरायची. जुनी पुस्तकं पस्तीत, म्हणजे रद्दीत, द्या, असा आदेश निघाला. मला तो संच आवडला होता. आठ वर्षांच्या मुलांना मारामाऱ्या कशाला ऐकवायच्या, असं माझं मत होतं आणि मी ते स्टाफरूममध्ये मांडलंही.

बेनने नव्या संचातली बगळ्याची गोष्ट उघडली. तुम्हाला ती ठाऊक असेलच. तळं आटणार म्हणून बगळा माशांना सांगतो, मी तुम्हाला एकेक करून मोठ्या तळ्यात नेतो. नेतो आणि खातो. शेवटी खेकडा त्याची मान पकडतो. नव्या पुस्तकात बगळा माफी मागत होता आणि सगळे मिळून सहलीला जात होते.

"मासे कुठायत?" बेनने मला विचारलं.

"म्हणजे?"

"आधी नेलेले मासे. ते आलेत का सहलीला?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "जुनी पस्तीत द्यायची असतील तर मॅडमना म्हणावं लेखी द्या. मी नाही देणार." आणि पुढच्या तासाला त्यांनी माझ्या वर्गाला बगळ्याची गोष्ट सांगितली. जुनी. काट्यांच्या ढिगासकट.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर तक्रार आली. माझ्या वर्गातली एक मुलगी ती गोष्ट ऐकून घरी रडरड रडली होती. रात्री झोपली नव्हती, सकाळी शाळेच्या व्हॅनमध्ये बसायला तयार नव्हती. मुलगी तशी अबोल. दोन घट्ट वेण्या, नेहमी दुसऱ्या बाकावर. मॅडमनी बेनना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"बघा, बेन. हे तुमच्या गोष्टींचं फळ."

बेन खाली बसल्या नाहीत. "गोष्टीतल्या कुठल्या जागी घाबरली ती?"

"काय फरक पडतो?"

"पडतो ना. बगळ्याने मासा खाल्ला तेव्हा वर्ग ओरडला. ही नाही ओरडली. हिचा चेहरा त्याच्या आधीच उतरला होता. मी समोर बसले होते, मॅडम. मी बघत होते."

मी त्याच खोलीत होते. मी पाहिलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला लायब्ररीत बोलावलं. पोरीला पुन्हा घाबरवतील, या भीतीने मीही गेले. बेनने काही विचारलं नाही. जुनं पुस्तक सतरंजीवर ठेवलं आणि त्या कपाट आवरायला लागल्या. मुलीने स्वतःच पान काढलं. बगळा पहिल्या माशाला न्यायला आला आहे आणि म्हणतो आहे, एकट्यानेच यायचं, बाकीच्यांना सांगायचं नाही. त्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"आमच्या व्हॅनचे काका पण असंच म्हणतात."

बेनच्या हातात पुस्तकांची चळत होती. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली. चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या.

"काय म्हणतात?"

ती मुलगी सगळ्यात शेवटी उतरत असे. बाकीची मुलं उतरली की काका तिला पुढच्या सीटवर बोलवत. चॉकलेट देत. पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

बेनने तिला एकदाही अडवलं नाही. तिचं झाल्यावर म्हणाल्या, "तू सांगितलंस, फार चांगलं केलंस. तुझी काही चूक नाही. पण हे मी पोटात ठेवणार नाही हं. तुझ्या आईला सांगणार. मी असेन तिथे. चालेल?"

मुलीने मान हलवली. मग विचारलं, "आज व्हॅनमधून नाही ना जायचं?"

"आज नाही. कधीच नाही."

आईला फोन करून त्यांनी लगेच बोलावून घेतलं. तासाभरात केबिनमध्ये पुन्हा बैठक बसली. या वेळी एक ट्रस्टीही आले होते. मुलीची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर तोंडाशी धरून बसली होती. ट्रस्टी शांतपणे बोलत होते. व्हॅन शाळेची नाही, पालकांनी ठरवलेली आहे. माणूस जुना आहे. बोभाटा झाला तर मुलीचंच नाव खराब होईल. आणि मुळात मूल गोष्ट ऐकून घाबरलेलं, ते काहीही बोलेल.

"तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंत," मॅडम बेनना म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कुणी ऐकलंय का हे?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. माझी नोकरी कायम व्हायला तीन महिने उरले होते. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगते.

बेनने माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मीही तिथे होते, असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "पुरे आहे तेवढं."

"बेन, समजून घ्या. शाळेचं नाव..."

"शाळेचं नाव तुम्ही सांभाळा. मी हिच्या आईबरोबर पोलीस स्टेशनला चाललेय. रजेचा अर्ज टेबलावर ठेवलाय. नामंजूर करायचा तर लेखी द्या." आणि त्या मुलीच्या आईकडे वळल्या. "चला, ताई. उठा. आपण कुणाचं काही चोरलेलं नाही, मान खाली घालू नका."

मी वर्गावर गेले. फळ्यावर सातचा पाढा लिहायला घेतला. सात चोक अठ्ठावीसला खडू थांबला. दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला मुलांकडे बघायला सांगून मी पर्स उचलली.

पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात एका लाकडी बाकावर बेन आणि ती आई बसल्या होत्या. मुलगी आत महिला पोलिसांशी बोलत होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

बेनने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून जागा केली.

"ये, बस."

बास, तेवढंच. पुढेही कधी त्या केबिनचा विषय त्यांनी काढला नाही. मी जबाब दिला. चार दिवसांत आणखी दोन मुलींच्या आया आल्या. त्या माणसाला अटक झाली. शाळेने घाईघाईने व्हॅनचे नियम केले आणि त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले.

बेनचा करार दरवर्षी एप्रिलमध्ये नवा होत असे. त्या एप्रिलमध्ये झाला नाही. ऑफिसमध्ये त्यांच्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला: 'मी वैयक्तिक कारणासाठी स्वेच्छेने काम सोडत आहे.' बेनने चष्मा लावून तो दोनदा वाचला. पेन मागितलं. ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला काढले आहे.' खाली सही केली.

"हे चालणार नाही, बेन," क्लार्क म्हणाला.

"खरं आहे ते. चालवा."

बाहेर पडताना गेटपाशी त्यांना जुनी पुस्तकं भरलेली दोन पोती दिसली, पस्तीवाल्याची वाट बघत ठेवलेली. दोन फेऱ्या करून त्यांनी ती स्कूटीवरून तरसालीला नेली. परवानगी विचारली नाही. वॉचमन त्यांना पोतं उचलू लागला.

त्यानंतर रविवारी सकाळी त्यांच्या फ्लॅटबाहेर पंधरा-वीस चपला दिसायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात आवाज होतो म्हणून हरकत घेतली. त्यांनी त्यालाच आत बसवलं आणि मगरीची गोष्ट ऐकवली. माकड काळीज न देता झाडावर निघून गेलं, मग आजारी मगरीणबाईंचं पुढे काय झालं, यावर मुलांबरोबर तोही तावातावाने भांडला म्हणे. हरकत तिथेच राहिली. ती दोन वेण्यांची मुलगीही येई. आई सोडायला येई आणि मग स्वतःही बसे.

केस दोन वर्षं चालली. मुलीची साक्ष लागायच्या दीड महिना आधी बेन गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, आणि चौथ्या दिवशी गेल्या. शाळेत दोन मिनिटं शांतता पाळावी असं मी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, त्या आता स्टाफवर नव्हत्या. मी माझ्या वर्गात पाळली. एकटीने ठरवून, दार उघडं ठेवून.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात गेले. आत फक्त आई होती. मी बाहेर पॅसेजमध्ये थांबले. "मी असेन तिथे," असं त्या मुलीला सांगणारी बाई आता नव्हती, म्हणून मी आले होते. कोण कुणाच्या ऐवजी उभं राहू शकतं म्हणा. पण घरी बसवलं नसतं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा आईचे डोळे लाल होते. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. समोरच्या वकिलांचं म्हणणं होतं, लायब्ररीतल्या बाईंनी मुलीला गोष्ट सांगितली आणि मुलीने ती या माणसावर लावली. जज बाईंनी मग तिला समजेल अशा शब्दांत विचारलं, "बेटा, ही गोष्ट तुला कोणी शिकवली?"

मुलगी जराही थांबली नव्हती. म्हणाली, "बगळ्याची गोष्ट बेनने सांगितली. ही माझी आहे. ही मला कोणी नाही शिकवली."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती पॅसेजच्या कठड्याशी उभी राहून खालच्या गाड्यांकडे बघत होती. वेण्या जाऊन आता केस खांद्यापर्यंत कापलेले. आमचं बोलणं संपल्याचं कळल्यावर ती आईपाशी आली.

"आई, भूक लागलीये. सेवउसळ खाऊया?"

रस्त्यापलीकडच्या गाड्यावर तिने उभ्यानेच प्लेट घेतली, वर आणखी तिखट तरी मागून घेतली, नाकाडोळ्यांतून पाणी येईतो खाल्ली, आणि रिकामी प्लेट पुढे करून गाडेवाल्याला म्हणाली, "काका, थोडी और."