साबण आमचा, पाणी कुणाचं?

तीस वर्षं डॉक्टरकी केली, पण आम्ही तिघं भेटलो की मोठ्या ऑपरेशनांचं कुणी काढत नाही. निघतात ते इंटर्नशिपमधल्या शाळाभेटींचेच किस्से! मी, मुखेडची विद्या आणि नांदेडचा मिलिंद. इंटर्नशिपला उदगीरकडच्या एका आरोग्य केंद्रात होतो. दर गुरुवारी शाळेत जाऊन पोरांना आरोग्याच्या सवयी शिकवायच्या, ही ड्यूटी. लातूर जिल्हा नवाकोरा झालेला, आणि वर दुष्काळ.

पहिल्याच दिवशी मी साबण उंच धरून भाषण ठोकलं. जेवणाआधी हात धुवा, खेळून आल्यावर धुवा! पुढच्या ओळीतली एक पोरगी उठली.

"सर, साबण आणलाव. पाणी बी आणलाव का?"

तपासणीच्या कार्डांवर जिल्हा जुनाच छापलेला, उस्मानाबाद. मिलिंद एकेका कार्डावर खोडून 'लातूर' लिहीत बसला. एक आजोबा नातीचं कार्ड निरखून म्हणाले, "गाव जागचं हाललं न्हाई. आधी निजामात, मग उस्मानाबादेत, आता लातुरात! पोरीचं वजन तेवढं बदलू नका, डाक्टर."

सीमेवरच्या एका गावात निम्मी पोरं घरी कन्नड बोलणारी. मिलिंद ब्रश घेऊन समजावू लागला, "हळू... हळू... घासा!" वर्ग खो-खो हसतोय. हा अजून मोठ्यानं, "हळू! हळू!" शेवटी गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं.

"साहेब, कन्नडात 'हल्लू' म्हणजे दात. तुम्ही मघापासून 'दात, दात' ओरडताय!"

तंबाखूवर बोलायची पाळी माझी. वाक्य संपायच्या आत सगळा वर्ग वळून दाराकडे बघायला लागला. दारात हेडमास्तर, गाल फुगलेला. बाहेर जाऊन थुंकून आले आणि शांतपणे म्हणाले,

"चालू द्या. दाखवायला एक नमुना पाहिजेच की!"

विद्यानं जुलाबावरचं घरगुती औषध शिकवलं होतं. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, आणि जुलाब थांबेपर्यंत घोट घोट पाजायचं.

पुढच्या आठवड्यात एक बाई तावातावानं केंद्रात आली. कडेवर दोन वर्षांचं पोर, मागं तिची तिसरीतली पोरगी, शांता.

"डाक्टरीणबाई, काय शिकवून ठिवलाव हिला? मी दिसभर रोजगार हमीच्या कामावर. हिकडं ह्या पोराला जुलाब. हिनं घरातलं सगळं पाणी ह्या एकट्याला पाजलं! घागर कोरडी! टँकर आता परवा येणार!"

विद्यानं पोराला तपासलं. जीभ ओली, डोळे टवटवीत. विद्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत होतं ते. बाईचा आवाज आपोआप खाली आला. "वाचलं म्हणा," ती पुटपुटली.

विद्या शांतासमोर उकिडवी बसली. पोरीचे ओठ फुटलेले.

"आणि दिवसभर तू काय प्यालीस गं?"

शांतानं नवलानं तिच्याकडं बघितलं.

"मला कुठं जुलाब लागलेते?"