साळवेमास्तरांची लाइन क्लिअर

साळवेमास्तरांच्या घरी कॉम्प्युटर बघायला जायचं तर आधी पाय धुवावे लागत. दारातच बादली, तांब्या आणि पायपुसणं मांडलेलं असे. पाय पुसून झाले की मास्तर खिशांची चौकशी करत. फ्लॉपी आहे का, सीडी आहे का, पेनड्राइव्ह आहे का. तिन्हींना नाही म्हटलं की मग ते उंबऱ्यातून बाजूला सरत. पायांचा आणि व्हायरसचा काय संबंध, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "संबंध नसंना का, शेखभाऊ," मास्तर म्हणाले. "शिस्त एका जागी ढिली पडली का समदीकडंच ढिली पडती." त्यानंतर मी मुकाट्यानं पाय धुऊ लागलो.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत. दौंडच्या रेल्वे केबिनमध्ये, म्हणजे जिथून गाड्यांचे सिग्नल हलवतात तिथं, त्यांची सगळी नोकरी झाली. पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे रूळ मोकळा असल्याचा निरोप, आल्याशिवाय इकडून गाडी सोडायची नाही, एवढं एकच काम त्यांनी जन्मभर केलं आणि ते चोख केलं. रिटायर झाले तेव्हा त्यांच्याकडे सोडायला गाडीच उरली नाही. माणूस घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. मग पुण्याहून कॉम्प्युटर आला, पाठोपाठ पेपरात व्हायरसबद्दल कात्रणं येऊ लागली, आणि मास्तरांच्या तोंडावर पुन्हा तकाकी आली. बाहेरून कोणीतरी आत शिरायला टपलंय आणि आपण त्याला अडवायचंय, यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीत एकानं दसऱ्याला कॉम्प्युटरवर लिंबू-मिरची बांधली होती. त्यावर मास्तर आठवडाभर हसत होते. आपल्याकडं असलं चालत न्हाई, आपल्याकडं शास्त्र हाय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आता त्यांचं शास्त्र सांगतो. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एक नाही, तीन अँटिव्हायरस घातले होते. ते तिघे व्हायरस सोडून एकमेकांच्याच नरडीला लागत आणि दिवसभर कसल्या ना कसल्या धोक्याच्या आरोळ्या ठोकत. मशीन इतकं मंद झालं होतं की मास्तर ते चालू करून दूध आणायला जायचे, आणि चहा पिऊन झाला तरी ते उठत असायचं. इंटरनेटची वायर काम झालं की काढून, गुंडाळून खिळ्याला टांगली जाई. स्कॅन चालू असला की मॉनिटरवर नोकरीतला लाल बावटा लटके, तेवढ्या वेळात मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मिक्सर लावायचा नाही. स्कॅन संपला की हिरवा बावटा. कित्येकदा त्या घरातली चटणी हिरव्या बावट्याची वाट बघत ताटकळलेली मी पाहिली आहे.

मी शिरूरला एका कचेरीत कारकून होतो. कचेरीत कॉम्प्युटर होते, म्हणून मास्तरांच्या हिशेबी मी तज्ज्ञ. संध्याकाळी एसटीतून उतरलो की ते कोपऱ्यावर उभेच. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगे, की एकच अँटिव्हायरस ठेवा, तो वेळच्या वेळी अपडेट करा, आणि जे मोलाचं आहे त्याची कॉपी सीडीवर काढून दुसऱ्या घरी ठेवा. पहिल्या दोन गोष्टी ते हसण्यावारी नेत. तिसरीला मात्र खवळत. कॉपी म्हंजी दुसरं दार, शेखभाऊ. एक दार राखता राखता जीव जातुया, दुसरं कोन राखनार?

आता ते राखत काय होते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसता चक्रम होता. चक्रम होताच, पण त्या मशीनमध्ये त्यांची आई होती. वाफेच्या इंजिनांच्या काळात म्हातारीनं दौंडच्या यार्डात राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचला, तो विकला आणि पोराला मॅट्रिक केलं. तिच्या शेवटच्या वर्षात मास्तर तिला रोज सकाळी कॉम्प्युटरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवत. ती बोले आणि मास्तर एका बोटानं टाइप करत. यार्डातले मुकादम, तिच्याबरोबर वेचणाऱ्या बाया, रात्रीतून उधळून दिलेली त्यांची झोपडी, सगळं तिच्याच शब्दांत. बसण्याआधी पाय धुणं तिलाही माफ नव्हतं. मास्तर स्वतःच्या हातानं धुवायचे. एकदा माझ्यासमोर म्हातारी म्हणाली, "यार्डात ह्या पायांना कुनी पानी दिलं न्हाई, आन् तू रोज धुतूस. मशीनसाठी धुतूस का माझ्यासाठी, ते काय मला कळत न्हाई." मास्तरांनी तेही टाइप केलं. पुढं ती गेली. 'आई' नावाच्या त्या फोल्डरसाठी तीन अँटिव्हायरस, दोन बावटे आणि एक बादली असा बंदोबस्त होता.

या बंदोबस्तात वशिला चालत नसे. पुतण्या लग्नाची सीडी घेऊन आला, तो दारातूनच परत गेला. सख्ख्या भावाचा पेनड्राइव्ह त्यांनी काठीनं बाजूला सारावा तसा दोन बोटांनी परत दिला आणि वर ऐकवलं, की गाडीला नातं नसतं. त्यांचं दुसरं एक लाडकं वाक्य होतं, केबिनमधलं. धुक्याच्या दिवसांत गाडी दिसत नाही म्हणून लाइन मोकळी आहे असं धरायचं नसतं. "दिसत न्हाई म्हंजी न्हाई, आसं आसतं व्हय?" हे ते व्हायरसबद्दल म्हणायचे, शेजाऱ्यांच्या मनातल्या कपटाबद्दल म्हणायचे, आणि भाजीतल्या मिठाबद्दलही म्हणायचे.

मुलीचं लग्न त्यांनी विहारात साधेपणानं लावलं. मानपान नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत. जावई म्हणजे काय आकाशातून पडलाय का, असं त्यांनी मंडपात माइकवरून विचारलं होतं. जावई संदीप रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता आणि कारेगावला खोली घेऊन राहायचा. पोरगा गुणी आणि साधा.

एका रविवारी संदीप बायको-पोरीला मोटारसायकलवर घेऊन आला. मी तिथंच चहाला बसलो होतो. पोरीच्या वाढदिवसाचे फोटो मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवायचे म्हणून त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. तो बिचारा पेनड्राइव्ह कंपनीतल्या झाडून साऱ्या मशीनमधून आणि कारेगावच्या सायबर कॅफेतून फिरून आलेला. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा हात लाल बावट्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग ते हसले, "या पाहुणे" म्हणाले, आणि पेनड्राइव्ह स्वतःच्या हातानं मशीनला लावला. जावयाचे पायसुद्धा धुतलेले नव्हते.

तिघांपैकी एक अँटिव्हायरस लगेच किंचाळला. पडद्यावर लालभडक चौकट आली. पाहुण्यासमोर पोरानं नाक शिंकरावं तसे मास्तर शरमले, आणि घाईघाईनं त्यांनी चौकट बंद केली. हे असंच मधीमधी येतं, म्हणाले. फोटो झाले, नात मांडीवर बसली. संदीप हात धुवायला गेला तसं मी त्यांना हळूच डिवचलं, की मास्तर, गाडीला नातं नसतं ना? ते माझ्या अंगावर खेकसले, "जावयाचा खिसा तपासायचा? चांगलं दिसतं का ते?"

मी घरी आलो. जेवणं उरकून मुलगी आणि जावई गावातल्या चुलत्यांकडे गेले, आणि मास्तर मशीनसमोर बसले. 'आई' फोल्डर जागेवर नव्हता. तो काय, दुसरेही कुठले फोल्डर नव्हते. मला हाक मारायची तर कारण कबूल करावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे जावई. तेव्हा त्यांनी गल्लीच्या टोकाच्या बाळूला बोलावलं. बाळू कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच औषध होतं, फॉरमॅट. आतलं काही ठेवायचंय का, असं त्यानं विचारलं, एवढं त्याचं पुण्य. मास्तर म्हणाले, काय उरलंच न्हाई, पाहुनं यायच्या आत समदं पुसून काढ.

संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं. मास्तर खुर्चीत बसले होते, म्हातारीच्या त्या प्लास्टिकच्या. काय घडलं ते त्यांनी धड सांगितलं आणि विचारलं, की गेलेलं काही परत येतं का. त्या दिवसांत आमच्या कचेरीतही तोच व्हायरस येऊन गेला होता. तो काही खात नसे. फोल्डर नुसते लपवून ठेवायचा, दोन कळा दाबल्या की जसेच्या तसे समोर यायचे. बाळूनं पुसण्याआधी लपलेले फोल्डर बघितले होते का, एवढंच मी विचारलं, आणि केबिनमध्ये हयात घालवलेल्या माणसाला तेवढं पुरलं. "म्हंजी आई घरातच व्हती," मास्तर म्हणाले. "दिसत नव्हती फकस्त." मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं. दोन्ही एकदम येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात जावई परतला. मशीन चालू करून बघतो तर झटक्यात चालू. तो खूश झाला. मामा, एकदम फास्ट केलाय की, म्हणाला. मास्तर म्हणाले, जरा साफसफाई केली.

पुढं त्यांनी आईची गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. चार पानं झाली आणि थांबले. तवा आई बोलत व्हती, आता मीच बोलतुया, म्हणाले. बादली दारातून गेली, बावटे ट्रंकेत गेले. काकूंची चटणी वेळेवर होऊ लागली, तर तिलाच चव लागेना. मास्तरांचं कॉम्प्युटरकडे जाणं कमी होत होत बंद झालं आणि त्यानंतर काही वर्षांनी ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. संदीपही उठला. "मामा समद्यांचे खिसे तपासायचे," तो म्हणाला. "सख्ख्या भावाला पन सोडायचे न्हाईत. पन माझा पेनड्राइव्ह त्यांनी कधी तपासला न्हाई. येवढा इस्वास टाकला माझ्यावर." मंडपातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. भाऊ, पुतण्या सगळे मान हलवत होते.

मी मान वर केली तर समोर काकू माझ्याकडेच बघत होत्या. माणसं पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "त्याला कधी सांगू नगा, भाऊ. ह्यांनी लाइन क्लिअर दिलती त्याला." मी बरं म्हणालो. संदीप दारात उभा राहून लोकांच्या चपला सरळ करत होता.